लोर्नाचं गाणं आणि एक कागद



डिसेंबरमध्ये माझी बोलायची पाळी आली की ठरलेलं असतं, केक. कुकरमधला केक, बिनअंड्याचा केक, रव्याचा केक. दोन वर्षं मीच सांगितलाय, आणि तो किती जणींचा फुगला ते मला माहीत आहे. यंदा केक नको. यंदा एका गाणाऱ्या बाईबद्दल सांगते, आणि तिच्या निमित्तानं एका कागदाबद्दल. कागद आपल्या वस्तीतला आहे, गाणारी बाई मुंबई-गोव्याकडची.

पुंडलिकनगरात आमच्या मागच्या गल्लीत गोव्याकडच्या एक ताई राहतात. नाताळला त्यांच्याकडून ताट येतं. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. दोदोल असतं, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ आटवून केलेलं. गेल्या वर्षी ताट परत द्यायला गेले (रिकामं ताट देऊ नये म्हणून त्यात तिळगूळ घालून, संक्रांत लांब असली तरी) तर त्यांच्या मोबाइलवर गाणं लागलेलं. मोठा, भरदार, थोडा घोगरा आवाज. मागे ट्रम्पेट. भाषा कोकणी, चार शब्द कळत होते, चार नाही. मी विचारलं, ही कोण? त्या म्हणाल्या, "ही आमची लोर्ना." आपण 'आमच्या लताबाई' म्हणतो ना, तशाच म्हणाल्या.

मग मी शोधत गेले. गाणी ऐकली, लेख वाचले, 'नाचुंया कुंपासार' नावाचा कोकणी सिनेमा पाहिला. 'कुंपासार' म्हणजे ठेक्यावर, ठेक्यावर नाचूया असा त्याचा अर्थ.

लोर्ना कोर्देरो यांचा जन्म १९४६ चा, घर मुंबईतलं, मूळ गोव्याचं. मुंबईत धोबी तलाव नावाची वस्ती आहे, मेट्रो सिनेमाच्या आसपासची. तिथं गोव्यातल्या एकेका गावाचा एकेक 'कूड' असायचा. कूड म्हणजे गावाच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली. बोटीवर नोकरी करणारे, स्वयंपाकी, वाजवणारे, सगळे तिथं ट्रंक ठेवून राहायचे. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी चर्चच्या शाळेत मुलांना सूर वाचायला शिकवायचे, व्हायोलिन शिकवायचे. त्यामुळे कागदावरचं संगीत वाचून वाजवणारी माणसं मुंबईला गोव्यातून मिळाली. आपल्या जुन्या हिंदी सिनेमाचे वादक आणि वाद्यवृंद बांधणारे बरेचसे हेच लोक. सी. रामचंद्र हे तर पुणतांब्याचे, म्हणजे आपल्या वैजापूरच्या पलीकडचे. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांच्या गाण्यांना जो झणका आहे, त्यात चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याचा मोठा हात. पण पाट्यांवर ही नावं बारीक अक्षरात, किंवा नाहीतच.

हे वादक दिवसा स्टुडिओत सिनेमाला वाजवायचे आणि संध्याकाळी कोट चढवून चर्चगेटच्या हॉटेलात. कारण १९५० नंतरच्या वीसेक वर्षांत चर्चगेटच्या त्या एका रस्त्यावर हॉटेलाला लागून हॉटेल होतं आणि बहुतेक ठिकाणी बँड वाजायचा. यालाच आपण नाइटक्लब म्हणतो. आपल्या डोळ्यांसमोर नाइटक्लब म्हटलं की हिंदी सिनेमातली हेलन येते, धूर आणि खलनायक येतो. प्रत्यक्षात ते जेवायचं हॉटेल असायचं. पुढे थोडी मोकळी फरशी, तिच्यावर जोडीनं नाचायची सोय, मागे चौथऱ्यावर सहा-सात वाजवणारे आणि एक गाणारी. मुंबईत तेव्हा दारूबंदी होती, १९४९ चा कायदा होता, परमिटशिवाय प्यायला मिळायची नाही. त्यामुळे लोक खरोखर जेवायला आणि बँड ऐकायलाच यायचे. अशा गाणाऱ्या बाईला 'क्रूनर' म्हणायचे. माइक जवळ धरून, बोलल्यासारखं गायचं, ती क्रूनर.

गायचं काय? इंग्रजी. अमेरिकेत जे गाजलं असेल ते. रेकॉर्ड आणायची, ऐकायची, बँडनं उतरवून घ्यायचं, गाणारीनं जशीच्या तशी नक्कल करायची. लोर्ना लहानपणी प्रसिद्ध झाली ती कॉनी फ्रान्सिसची नक्कल करून. स्पर्धेत तिची गाणी म्हणायची.

आता ही कॉनी फ्रान्सिस कोण, हे सांगायला पाहिजे, कारण पुढची गोष्ट तिच्याशी जुळते. अमेरिकेत नेवार्क नावाचं गाव आहे, तिथल्या इटालियन कुटुंबातली मुलगी. खरं नाव कॉन्चेट्टा फ्रँकोनेरो. १९५८ साली तिचं पहिलं मोठं गाणं चाललं, आणि ते नवं नव्हतंच, १९२३ सालचं जुनं गाणं होतं, वडिलांनी हट्टानं गायला लावलेलं. १९५९ साली तिनं दोन कामं केली. एक, लंडनला जाऊन नाताळच्या गाण्यांची रेकॉर्ड केली. ती केली उन्हाळ्यात. ऐकताना वाटतं बाहेर बर्फ पडतंय, आणि गाणारी बसलीय उकाड्यात! आपल्याकडेही तसंच असतं. गणपतीच्या आरत्यांचं रेकॉर्डिंग गणपतीत होत नाही. रेकॉर्ड छापून, खोक्यात भरून, दुकानात पोचायला वेळ लागतो, म्हणून सणाचं गाणं सणाच्या आधी तीन-चार महिने गावं लागतं. आणि सणाच्या गाण्याचा धंदा बाकीच्या गाण्यांपेक्षा वेगळा. सिनेमाचं गाणं एक हंगाम चालतं. सणाचं गाणं दरवर्षी तोच दिवस आला की पुन्हा वाजतं. लताबाईंच्या आवाजातल्या आरत्या अजून मंडपात लागतात की नाही? फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. एकदा चव बसली की गिऱ्हाईक दर दिवाळीला तेच मागतं.

कॉनीनं त्या वर्षी केलेलं दुसरं काम म्हणजे आईबापाच्या भाषेतली, इटालियन गाण्यांची रेकॉर्ड. तीही जोरात खपली. पुढे तिनं दहाहून जास्त भाषांत गाणी म्हटली. न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या नामांकित नाइटक्लबात ती गायची, तिथल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड १९६१ साली निघाली. ती २०२५ च्या जुलैमध्ये वारली.

तर मुंबईतली एक पोरगी या कॉनीची नक्कल करते आहे. तिला ऐकलं ख्रिस पेरी यांनी. हे मडगावचे, १९२८ चा जन्म, ट्रम्पेट वाजवणारे, स्वतःचा बँड असलेले. चर्चगेटच्या अस्टोरिया हॉटेलात 'व्हेनिस' नावाची जागा होती, मुंबईतले जॅझचे जाणकार तिथं यायचे. तिथं त्यांचा बँड वाजायचा आणि लोर्ना गायची. इंग्रजीच.

पण क्रांती झाली ती दुसरीकडे. पेरींनी कोकणीत गाणी लिहायला आणि चालींत बांधायला घेतली. चाली चर्चगेटच्या, म्हणजे त्यात जॅझ, त्यात चाचाचा, आणि शब्द गोव्याच्या घरातले. 'बेबदो' म्हणजे दारुड्या, 'पिसो' म्हणजे वेडा, असली गाणी. हॉटेलात हे चाललं नसतं. तिथल्या साहेबी गिऱ्हाइकाला कोकणी म्हणजे स्वयंपाकघरातली भाषा. मात्र एच.एम.व्ही.नं रेकॉर्डी काढल्या आणि त्या घराघरांत गेल्या. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, म्हणजे नाताळच्या सहा दिवस आधी. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत गोव्यातल्या माणसाला आपल्या भाषेत, आपल्या माणसांची, पण आजच्या वाजंत्रीतली गाणी मिळाली, ती या दोघांची. नाताळाला मुंबईचा, बोटीवरचा, आखातातला माणूस गावी यायचा. पंचवीस डिसेंबरच्या आणि एकतीसच्या रात्री गावोगाव नाच. लग्नात नाच, चर्चच्या फेस्ताला नाच. तिथं हीच गाणी. या गाण्यांतली बरीचशी नाताळबद्दल नाहीत, तरी आमच्या शेजारच्या ताईंना ती लावल्याशिवाय नाताळ आल्यासारखा वाटत नाही. नक्कल करून मिळालेला पगार हॉटेलाबरोबर संपला, आणि जे घरच्या भाषेत गायलं ते अजून वाजतंय. हे मला फार आवडलं. गटातल्या एका बाईनं चायनीजची गाडी बंद करून धपाटे आणि ठेचा सुरू केला, तेव्हाही मी असंच खूश झाले होते.

जरा आडवाट घेते. क्लबात गाणारी बाई म्हणजे चांगली नव्हे, असं तुमच्या मनात आलं असेल तर उषा उत्थुप आठवा. मुंबईतच जन्म, १९४७ चा. आवाज जाडा म्हणून शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलेली मुलगी. १९६९ च्या सुमाराला चेन्नईत एका छोट्या नाइटक्लबात पहिल्यांदा गायल्या, मग कोलकात्याच्या 'ट्रिंकाज'मध्ये. अंगावर कांजीवरम साडी, केसांत फूल. कोणी सांगितलं म्हणून नाही, घरात जशी नेसायच्या तशीच नेसून गेल्या. आज त्यांना पद्मभूषण आहे. बाई कुठं गाते यावरून बाईची परीक्षा करायची सवय आपल्याला आहे. तिला पैसे कोण देतं, किती देतं आणि कशावर सही करून घेतं, हे मात्र आपण विचारत नाही.

तिथंच यायचं होतं.

हॉटेलचा मालक गाणारीशी बोलायचा नाही. तो बोलायचा बँडच्या प्रमुखाशी. महिन्याची रक्कम त्याच्या हातात, मग तो वाजवणाऱ्यांना आणि गाणारीला वाटून द्यायचा. आपल्या मराठवाड्यात हे समजावून सांगायची गरज नाही. कारखाना मुकादमाशी बोलतो, मुकादम कोयत्याशी. उचल कोणाच्या नावावर, हिशोब कोणाच्या वहीत, आणि उन्हात कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. मुकादम चांगलाही असतो, सांभाळून घेणाराही असतो. पण वही त्याच्याकडे असते.

पेरी मोठे कलावंत होते, यात शंका नाही. गाणी त्यांची, चाली त्यांच्या, बँड त्यांचा. 'भुंयारांतलो मुनीस' या १९७७ च्या पहिल्या रंगीत कोकणी सिनेमाचं संगीत त्यांचं. लोर्नातला आवाज ओळखला त्यांनीच. पुढे दोघांचं बिनसलं. आणि गोव्याच्या संगीतावर लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय की वीस वर्षं दुसऱ्या कोणाच्या बँडबरोबर गायचं नाही, असा करार लोर्नांकडून झालेला होता. सत्तरच्या दशकात, ऐन उमेदीत, गोव्याच्या घराघरांत रेकॉर्ड वाजत असताना ही बाई गायची थांबली. दोन दशकांहून जास्त. रेकॉर्डी दर नाताळाला वाजत राहिल्या, आणि जिचा आवाज ती गप्प.

१९९५ साली रॉनी मोन्सेरात या संगीतकारानं त्यांना पुन्हा गायला लावलं, 'हॅलो लोर्ना' नावाची कॅसेट आली आणि पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर त्या स्टेजवर उभ्या राहिल्या. मैदान भरून माणसं आली होती. मध्ये एक पिढी जन्मून मोठी झालेली, तरी गाणी सगळ्यांना पाठ, कारण घरी वाजतच होती. मी सुरुवातीला सांगितलेला सिनेमा या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला आहे, नावं बदलून. बारद्रॉय बार्रेटो यांनी काढला, पालोमी घोष आणि विजय मौर्य यांचं काम आहे, आणि ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कोकणीतला उत्कृष्ट चित्रपट ठरला. जुनी गाणी त्यात नव्यानं वाजवली आहेत. सिनेमा हा सिनेमा, त्यातलं सगळं घडलेलंच असं नाही. पण त्यातली गप्प बसलेली बाई पाहून मला झोप आली नाही.

मी विचारत सुटले की एवढी वाजणारी गाणी, त्यांचे पैसे गाणारीला मिळायचे का?

आपल्या कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात गाणं लिहिणाऱ्याचा हक्क होता, चाल बांधणाऱ्याचा होता, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा होता. गाणाऱ्याचा नव्हता. गाणाऱ्यानं यायचं, गायचं, ठरलेले पैसे घ्यायचे, जायचं. रेकॉर्ड लाखभर खपली तरी कायद्यानं त्याचा संबंध नाही. साठच्या दशकात लताबाईंनी याबद्दल आवाज उठवला, रॉयल्टी हवी म्हणाल्या. रफीसाहेबांचं म्हणणं होतं की एकदा गाण्याचे पैसे घेतले, विषय संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. लताबाई मागू शकल्या, कारण त्या लताबाई होत्या. बाकीच्या गायिका काय मागणार!

१९९४ च्या दुरुस्तीनं पहिल्यांदा 'परफॉर्मर'चा, म्हणजे सादर करणाऱ्याचा हक्क कायद्यात आला. गाणारा, वाजवणारा, नाचणारा, कसरत करणारा, अगदी साप खेळवणारासुद्धा त्यात आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सांगितलं की त्याच्या सादरीकरणाचा धंद्यासाठी वापर झाला तर रॉयल्टीवर त्याचा हक्क आहे. हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. लोर्नांच्या उमेदीच्या काळात यातलं काहीच नव्हतं.

आता आपल्या वस्तीतला कागद.

आमच्या गटात एक ताई आहे. शिलाईकाम करते, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. तिचा आवाज असा आहे की महिन्याच्या बैठकीत हिशोब संपला की सगळ्या म्हणतात, आता एक म्हण. चौदा एप्रिलला ती जयंतीच्या स्टेजवर भीमगीतं गाते, विहारात गाते, लग्नात गाते. आपल्या शहरात कडूबाई खरात यांना एकतारीवर गाताना आता सगळा महाराष्ट्र ओळखतो. त्यांच्याकडे बघून कितीतरी जणींना वाटायला लागलं की आपलंही गाणं मोबाइलवर जाईल. आणि जातंही.

एका रेकॉर्डिंगवाल्यानं आमच्या ताईचं गाणं ऐकलं. म्हणाला, जयंतीसाठी सहा गाणी करू, जानेवारीत रेकॉर्ड करायची, मार्चअखेर चॅनलवर टाकायची. (बघा, इथंही सणाच्या तीन महिने आधी.) सहा गाण्यांचे नऊ हजार रुपये एकरकमी. ताई खूश. नऊ हजार म्हणजे किती गणवेश ते तिलाच माहीत. सोबत पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर तीन पानं, इंग्रजीत. "नुसती फॉर्म्यालिटी आहे, इथं सही करा."

तिनं सही केली नाही. कागद घेऊन ती बैठकीला आली. याचं श्रेय मी घेत नाही, पण कर्जाचा फॉर्म वाचल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही, हे गटात सात वर्षं ऐकून तिच्या अंगात भिनलंय एवढं खरं. गटातल्या एका बाईची मुलगी वकिलीचं शिकते. तिनं मोठ्यानं मराठीत करून वाचला. सतरंजीवर चौदा जणी, एकीच्या हातात मटार सोलायचे चालू.

त्यात लिहिलं होतं की सहाही गाण्यांचे सर्व हक्क, सर्व जगभर, कायमचे कंपनीकडे. इथपर्यंत कोणी काही बोललं नाही. पुढे होतं की गायिका दहा वर्षं दुसऱ्या कोणासाठी, कोणत्याही माध्यमात, कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय गाणार नाही.

वाचन थांबलं. ताईनं विचारलं, "कोणत्याही माध्यमात म्हणजे? मग मी विहारात गायचं का नाही?"

कोणालाच सांगता येईना. मला आधी लोर्नाच आठवल्या.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी जिल्हा न्यायालयात गेलो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ चा कायदा आहे. दाखला लागत नाही, रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे. तिथल्या वकीलबाईंनी कागद शांतपणे वाचला आणि जे सांगितलं ते मी वहीत उतरवून आणलंय.

सही करून हक्क दुसऱ्याला देताना कागदावर लिहावंच लागतं की कोणती गाणी, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती. वर्षं लिहिलेली नसली तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून हे कागदवाले 'कायमचे' आणि 'जगभर' हे दोन शब्द न विसरता घालतात. ते शब्द दगडावरची रेघ नव्हेत. सहीच्या आधी खोडून दुसरे लिहिता येतात, शेजारी दोघांनी सही करायची.

रॉयल्टीबद्दल कागदात ओळच नव्हती. त्या म्हणाल्या, एक ओळ मागा. चॅनलला येणाऱ्या पैशातला वाटा, दर सहा महिन्यांनी हिशोब. वाटा थोडा असला तरी चालेल, पण हिशोब दाखवायचं बंधन लिहून घ्या.

आणि दहा वर्षांचं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं २७ वं कलम सांगतं की माणसाला त्याचा कायदेशीर धंदा करायला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. हे ऐकून आमची ताई हसली. वकीलबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, करार संपल्यानंतरची बंदी टिकत नाही. पण करार चालू असतानाची बंदी न्यायालयं बऱ्याचदा मान्य करतात. इथं करारच दहा वर्षांचा आहे. भांडून कदाचित जिंकाल, पण भांडायला वर्षं जातील आणि त्या वर्षांत स्टेजवर बोलावणारे घाबरून बोलवणार नाहीत. म्हणून सहीच्या आधीच मुदत कमी करून घ्या, आणि बंदी फक्त याच सहा गाण्यांपुरती ठेवा. ही सहा गाणी दुसऱ्याकडे रेकॉर्ड करणार नाही, एवढंच. स्टेज, विहार, लग्न, रेडिओ मोकळं.

हे मला नीट समजलं तेव्हा लोर्नांची गोष्ट दुसऱ्या बाजूनं दिसली. कायदा तेव्हाही १८७२ चाच होता. २७ वं कलम तेव्हाही होतं. क्लबात गाणाऱ्या मुलीला ते कोण सांगणार होतं? आणि सांगितलं असतं तरी तिला घेऊन कोर्टाची पायरी चढणार कोण?

आम्ही बदल लिहून रेकॉर्डिंगवाल्याकडे गेलो. माणूस वाईट नाही, चहा पाजला. म्हणाला, "सगळे याच कागदावर सही करतात, तुम्हीच पहिल्या." दोन वर्षांवर यायला तो तयार झाला. हिशोबाच्या ओळीला तयार नाही. विहारात गायला हरकत नाही असं तोंडी म्हणाला, कागदावर लिहायला तयार नाही. आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई बाहेर पडताना म्हणाली, "तोंडी बोललेलं कुणाच्या तोंडात राहतं?"

ताईच्या घरी काय चाललंय तेही सांगते, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. नवऱ्याचं म्हणणं, नऊ हजार हातात येतायत ते घे, कोण कुठलं वकील-फिकील. मोठ्या मुलीची क्लासची फी फेब्रुवारीत भरायची आहे. ते नऊ हजार गट कर्जाऊ देऊ शकतो, मी तसं म्हटलंही, पण कर्ज ते कर्ज. ताई म्हणाली, गाऊन मिळणारे पैसे आणि फेडायचे पैसे एक कसे? तिचं बरोबर आहे. मी समन्वयक आहे, सही मी करायची नाही आणि करू नको असंही म्हणायचं नाही. मी एवढंच केलं की तिला लोर्नांचं गाणं ऐकवलं, शेजारच्या ताईंकडे नेऊन. भाषा तिला कळली नाही. मान हलवत पूर्ण ऐकलं, आणि म्हणाली, "वरच्या सुरात जाताना ही श्वास कुठं घेते, कळतच नाही." पुन्हा लावायला सांगितलं.

पाच जानेवारीला तिला रेकॉर्डिंगवाल्याला उत्तर द्यायचं आहे. हिशोबाची ओळ तिनं स्वतःच्या हातानं मराठीत लिहून काढलीय, शुद्धलेखनाची एक चूक आहे, ती मी तशीच ठेवलीय. कागद सध्या गटाच्या पेटीत आहे, ठराववहीच्या खाली, आणि पेटीची किल्ली या महिन्यात तिच्याकडेच आहे.